मुलांच्या आवाजाची प्रश्नावली: कामाच्या नोंदी, डिचोली आणि सत्तरी

१८ जून २०२४, डिचोली, गोवा

परवानग्या एकदाच्या हातात आल्या. एथिक्स कमिटीची, दोन शाळांची, आणि पालकांच्या सह्यांचे फॉर्म पण बरेचसे परत आलेत. आता काम सुरू झालं म्हणायला हरकत नाही. काय करायचंय ते इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे चार महिन्यांनी मी भरकटले तर वाचता येईल. आठ ते बारा वयाची जी मुलं महिनोन्महिने घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात बोलतात त्यांना त्या आवाजाचा रोजच्या दिवसात काय त्रास होतो, हे त्यांनाच विचारायचं. आईला नाही, टीचरला नाही, मुलाला. आणि मराठी माध्यमाच्या आपल्या मुलांना कळेल अशा भाषेत.

टीम छोटी आहे: मी स्पीच थेरपिस्ट, एक ईएनटी डॉक्टर, आणि एक निवृत्त शिक्षिका ज्यांनी सत्तरीत प्राथमिक शाळेत आयुष्य काढलंय. त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो.

हे काम माझ्या डोक्यात का बसलं ते पण लिहिते. मोठ्यांसाठी व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स १९९७ मध्येच आला, ३० वाक्यं, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, पेशंट स्वतः भरतो. मुलांसाठी त्याचं रूप यायला २००७ उजाडलं, त्यात २३ वाक्यं, पण ती भरतात आईबाप. त्याच्या आदल्या वर्षी १० प्रश्नांची आवाज आणि जीवनमान यावरची मुलांसाठीची प्रश्नावली आली, ती पण पालकांनीच भरायची. मुलाने स्वतः उत्तर द्यायचं असं साधन नंतर आलं, २०१२ ला बेल्जियममध्ये फ्रेंच बोलणाऱ्या मुलांसाठी एक आणि २०१३ ला इटलीत १० प्रश्नांचं एक. म्हणजे कितीतरी वर्षं मूल समोर खुर्चीत बसलंय आणि आपण त्याच्या डोक्यावरून आईला विचारतोय, "काय त्रास होतो ह्याला?" मी पण दहा वर्षं हेच केलंय क्लिनिकमध्ये.

२७ जून

पहिला कच्चा कागद घेऊन शाळेत गेले. १८ प्रश्न, मीच लिहिलेले, बाईंनी तपासलेले. सहा मुलांबरोबर बसले, एकेकाला बाजूला घेऊन, प्रश्न वाचायचा आणि विचारायचं की तुला यातून काय कळलं, तुझ्या शब्दांत सांग.

दुसऱ्याच प्रश्नाला अडकलो. प्रश्न होता, "तुझ्या आवाजामुळे टीचर तुला ओरडतात का?" चौथीतला मुलगा म्हणाला होय, रोज. मी मनात म्हटलं बघ, केवढी मोठी गोष्ट हाती लागली. मग विचारलं काय म्हणतात टीचर, तर म्हणतो, "आवाज बंद करा म्हणतात, सगळ्यांनाच."

बरोबरच आहे त्याचं. मराठीत आवाज म्हणजे गळ्यातला पण आवाज आणि वर्गातला गोंगाट पण आवाजच, आणि शाळकरी मुलाच्या कानावर तो शब्द दिवसातून वीस वेळा पडतो तो दुसऱ्या अर्थाने. सहातल्या चार मुलांनी तो प्रश्न गोंगाटाबद्दलच घेतला होता. भाषांतर करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, कारण शब्द अगदी बरोबर आहे, उलट भाषांतर केलं तरी बरोबरच येईल. मुलाला विचारल्याशिवाय कळायचा मार्ग नाही.

बाईंनी सुचवलं "तुझा बोलण्याचा आवाज". ते बरंच बरं. पण घरी बहुतेकांची कोंकणी, तिथे ताळो म्हणतात, ताळो बसला, ताळो घोगरो झाला. एका मुलीला मी नुसतं "तुझा ताळो कसा आहे?" विचारलं आणि ती लगेच गळ्याला हात लावून बोलायला लागली. मग ठरवलं की सुरुवातीला एक ओळ घालायची: "आवाज म्हणजे बोलताना, गाताना गळ्यातून येतो तो, आपण घरी ताळो म्हणतो ना तो." मराठीच्या कागदावर कोंकणी शब्द कशाला असं कोणी म्हणेल, म्हणू दे. हा कागद मुलांसाठी आहे.

९ जुलै, वाळपईच्या पुढची शाळा

पाऊस असा की कदंबाच्या बसमधून उतरून शाळेच्या व्हरांड्यात पोचेपर्यंत निम्मे फॉर्म भिजले. वर्गावर पत्रे. सर पाढे घेत होते आणि सर ओरडतायत, मुलं त्याहून ओरडतायत, वर पत्र्यावर पाऊस त्याहून मोठा. मी मागच्या बाकावर बसून अर्धा तास नुसतं ऐकत होते. लोक म्हणतात अमुक मुलगा उगाच ओरडतो म्हणून त्याचा आवाज बसतो. अहो, जून ते सप्टेंबर या वर्गात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही.

लहान मुलाच्या स्वरतंतूंचं गणित मोठ्यांपेक्षा वेगळं असतं. आवाज बारीक, म्हणजे दर सेकंदाला साधारण अडीचशे तीनशे वेळा ते दोन तंतू एकमेकांवर आपटतात, साधं बोलताना. ओरडताना जोर वाढतो. रोज तेच झालं की दोन्ही बाजूला, बरोबर पुढच्या एक तृतीयांशाच्या टोकाला, जिथे धक्का सगळ्यात जास्त बसतो तिथे, गाठी येतात. हाताला कोयता धरून घट्टे पडतात तसेच. शाळकरी वयात आवाज बसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आणि मुलग्यांमध्ये जास्त. बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, आवाज वापरायची पद्धत बदलावी लागते. पण प्रत्येक घोगरा आवाज गाठींचाच असेल असं धरून चालत नाही, पॅपिलोमासारखं काही असू शकतं जे श्वासाच्या वाटेत वाढतं, म्हणून या प्रकल्पातलं एकेक मूल आधी डॉक्टरांच्या दुर्बिणीखालून जाणार. त्यावर तडजोड नाही.

आज ठरवलं की माझे १८ प्रश्न बाजूला ठेवायचे. आधी मुलांना बोलू द्यायचं आणि त्यांच्या तोंडून जे येईल त्यातून वाक्यं करायची.

१६ जुलै

आजचा दिवस पूर्ण लिहून ठेवायला हवा.

मूल क्रमांक ७, मुलगा, पाचवीत. दोन वर्षांपासून आवाज बसलेला. आईने आधीच सांगितलं होतं, "त्याला काय नाय त्रास, बापाचा आवाज पण तसलाच, घरात दिवसभर बडबडतो." मी विचारलं, शाळेत तुझा दिवस कसा जातो, सकाळपासून सांग. सांगायला लागला. प्रार्थना, मग वर्ग, मग हजेरी. हजेरीला त्याने नुसता हात वर करून दाखवला. मी म्हटलं तोंडाने काही म्हणत नाहीस? म्हणाला, "बाकीचे हजर म्हणतात. मी हात करतो. सरांना माहीत आहे." कधीपासून? "तिसरीपासून. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाजच आला नाही, नुसती हवा आली, मग सगळे हसले."

तिसरीपासून. दोन वर्षं रोज सकाळी हा मुलगा हात वर करतोय आणि घरी कोणाला पत्ता नाही, कारण घरी हजेरी नसते. आई खोटं बोलत नव्हती. तिला जेवढं दिसतं तेवढं ती सांगत होती. सरांना वाटतं मुलगा शांत आहे. डॉक्टरांच्या कागदावर आवाजाचा दर्जा मध्यम खराब. हजेरीचा हात मात्र तिघांच्याही कागदावर नाही.

वाक्य असं लिहिलं: "हजेरीच्या वेळी बोलायचं टाळून मी नुसता हात वर करतो." बाईंनी "करतो / करते" दोन्ही घालायला लावलं.

२४ जुलै

आणखी नऊ मुलं झाली. काही वाक्यं जशीच्या तशी:

"फोन उचलला की म्हणतात, बाबा, आवयक फोन दी." म्हणजे बाळा, आईला फोन दे, मुलग्याला म्हणतात तसं. ही मुलगी आहे, दहा वर्षांची, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला ती मुलगा वाटते. ती आता फोन वाजला की उठून बाहेर जाते.

"खेळताना मी हाक मारतो ती कोणाला ऐकूच जात नाही, मग मी धावत जाऊन सांगतो."

"चवथीला आरतीत मला पुढे बसवत नाहीत." हे दोघांनी सांगितलं, वेगवेगळ्या गावांतल्या. इथल्या घरात चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, आरती म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही, घुमट हे मातीचं वाद्य वाजतंय, सगळं कुटुंब ओरडून गातंय, आणि त्यात मागे बसवलेलं मूल.

"सर्दी झाली काय म्हणून सगळे विचारतात, मी होय म्हणतो." रोज. वर्षभर.

एकाने मात्र सांगितलं की मला माझा आवाज आवडतो, गॅदरिंगच्या नाटकात राक्षस मीच असतो. डॉक्टरांच्या यादीत आवाज सगळ्यात वाईट असलेल्यांपैकी हा एक. मी त्याला तीनदा वेगवेगळ्या रीतीने विचारलं, कुठेतरी दुखतंय का, लाज वाटते का, आणि नंतर माझं मलाच लक्षात आलं की मी त्याच्याकडून त्रास काढून घ्यायचा प्रयत्न करतेय. त्याला त्रास नाही. त्याचं उत्तर शून्य आहे आणि ते शून्य खरं आहे. आवाज किती बिघडलाय हे कान आणि दुर्बीण सांगतात, त्याचं मुलाच्या आयुष्यात काय झालं ही वेगळी मोजणी आहे, आणि दोन्ही जुळायलाच पाहिजेत असं काही नाही. पाणी पिणं, किंचाळणं कमी करणं हे त्याला शिकवणारच, पण त्याला दुःखी ठरवून नाही.

६ ऑगस्ट

उत्तरांची मोजपट्टी. "कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी" हे पाच पर्याय मोठ्यांच्या फॉर्मवरून उचलले होते. तिसरी चौथीच्या मुलांना क्वचित हा शब्दच माहीत नाही, आणि कधीकधी व बऱ्याचदा यातला फरक त्यांना सांगता येत नाही. मुलांच्या जीवनमानाच्या प्रश्नावल्यांमध्ये पाच ते सात वयाला तीनच पर्याय आणि चेहऱ्यांची चित्रं देतात, आठनंतर पाच चालतात असं मानतात. आमच्याकडे आठवर्षीयांना पाच झेपेनात.

चित्र करायचं ठरलं. आधी कोकम सरबताचे ग्लास काढले, रिकामा ते भरलेला. छान दिसत होते. पण भरलेला ग्लास मुलांना चांगला वाटतो, त्यामुळे "मला लाज वाटते" याला कोणी भरलेल्या ग्लासावर बोट ठेवायलाच तयार नाही. चेहरे मी आधीच टाळले होते कारण चेहरा किती वेळा ते सांगत नाही, कसं वाटतं ते सांगतो, आणि त्यात हसरा चेहरा म्हणजे बरोबर उत्तर असं मुलं धरतात.

मग बाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. पाऊस. चार खिडक्या काढल्या: कोरडं, थेंब थेंब, रिपरिप, धो धो. आधी सरावाचे दोन प्रश्न, "तू शाळेत चालत येतोस?" "तू रात्री बारापर्यंत जागतोस?" ते नीट आले की मग खरे. हे चाललं, आठवर्षीयांनाही.

अजून एक. "मला वर्गात बोलावंसं वाटत नाही" आणि त्याला उत्तर "कधीच नाही". दोन नाही एकत्र आले की मोठा माणूसही गोंधळतो. सगळी वाक्यं होकारी केली. बोलावंसं वाटत नाहीच्या जागी "मी गप्प बसतो".

२२ ऑगस्ट

२६ वाक्यं जमली होती, कापून १४ ठेवली. कापताना डॉक्टरांशी वाद झाला. त्यांना घशाची लक्षणं हवी होती, खवखव, सकाळी आवाज जड, बोलून थकवा. त्यातली चार ठेवली. माझं म्हणणं लक्षणं पालकांनाही दिसतात, डॉक्टरांनाही दिसतात, हजेरीचा हात फक्त मुलाला माहीत असतो, मग मुलाच्या कागदावरची जागा कोणाला द्यायची?

आज पहिली पूर्ण फेरी सुरू. आवाज चांगला असलेली तितकीच मुलं पण घेतलीत, त्याच वर्गातली, तुलनेसाठी. पंधरा दिवसांनी तीच मुलं परत तोच कागद भरतील, उत्तरं टिकतात का बघायला.

१९ सप्टेंबर

मोठी चूक झाली, माझी. दुसरी फेरी चवथीच्या लगेच नंतर पडली. तारखा लावताना मी फक्त पंधरा दिवस मोजले, मधे काय येतं ते बघितलं नाही. यंदा चवथ ७ सप्टेंबरला. आरत्या, फटाके, जागरण, पाहुण्यांची पोरं घरात, आणि शाळा उघडल्यावर निम्म्या वर्गाचा आवाज बसलेला. तुलनेसाठी घेतलेल्या चांगल्या आवाजाच्या मुलांचे मार्क चढले, आणि आमच्या मुलांपैकी ज्यांचे चढले ते कशामुळे चढले हे आता सांगता येत नाही. ही फेरी बाद. सगळ्यांना परत भेटावं लागणार.

पण एक गोष्ट हाती लागली म्हणून वाईट कमी वाटतंय. एरवी चांगला आवाज असलेल्या पण चवथीत आवाज बसलेल्या मुलांनी लक्षणांच्या चार वाक्यांना वरचे मार्क दिले, हजेरी, फोन, हाक या वाक्यांना मात्र जवळपास कोरडं. चार दिवस घसा बसला म्हणून कोणी हजेरीला गप्प बसत नाही. ते साचत जातं, महिन्यांनी, वर्षांनी. म्हणजे ती वाक्यं बरोबर जागी बोट ठेवतायत असं दिसतंय. मुलं थोडी आहेत, घाईने काही म्हणणार नाही.

कागदावरचं "गेल्या महिन्यात" हे पण बदललं. मुलांना महिना कळत नाही, सण कळतो. आता लिहितोय "चवथीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यापासून". पुढच्या फेरीला हीच ओळ दिवाळीची होईल.

३ ऑक्टोबर

आईबापांचा कागद. तेच १४ प्रश्न, फक्त "तुमचं मूल". वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी. हे मुद्दाम, कारण पहिल्या दिवशी एक आई शेजारी बसलेली असताना मुलीने सगळीकडे कोरडं दाखवलं आणि आई पाणी आणायला गेल्यावर माझी बाही ओढून दोन उत्तरं बदलली.

घशाच्या वाक्यांवर घर आणि मूल बऱ्यापैकी जुळतात. शाळेतल्या आणि मनातल्या वाक्यांवर फारकत. हे इतर आजारांच्या अभ्यासातही असंच दिसतं, जे डोळ्याला दिसतं त्यावर पालक जुळतात, आतलं राहतं. फारकत दोन्ही बाजूंनी असते हे पण लिहायला हवं. फोनवाल्या मुलीची आजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाय, चेडवाचो ताळो असो बरो न्हय, फुडें लग्नाक त्रास." म्हणजे मुलीचा आवाज असा बरा नाही, पुढे लग्नाला त्रास. आजीला धो धो काळजी, मुलीला लग्नाचं काही पडलेलं नाही, तिला फक्त फोनवर मुलगी म्हणून ओळखलं गेलं पाहिजे.

डॉक्टर म्हणाले दोन्ही मार्कांची सरासरी काढू. मी नाही म्हटलं. सरासरी काढली की हजेरीचा हात अर्धा होतो. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक मोठा असेल तर तिथूनच बोलायला सुरुवात करायची.

२१ नोव्हेंबर

दिवाळीनंतर थांबून, नरकासुराच्या रात्रीची ओरडाओरड जिरू दिली, आणि मग फेरी घेतली. दुसरी पंधरा दिवसांनी, मधे काही नाही हे यावेळी कॅलेंडर समोर ठेवून बघितलं.

क्लिनिकमध्ये क्रमांक ७ ची दुर्बीण झाली. दोन्ही बाजूला गाठी, छोट्या, पांढुरक्या. डॉक्टरांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "हे हलतंय ते माझं?" मी म्हटलं होय, तुझं. "आणि हे दाणे गेले की?" म्हटलं दाणे हळूहळू जातात, तू आणि मी मिळून काम केलं तर. कुजबुजत बोलणं हा उपाय नाही हे पण त्याला सांगितलं, घरचे त्याला तेच सांगत होते, आणि जोर लावून कुजबुजलं की गळा आणखी ताणला जातो.

५ डिसेंबर

दुसरी फेरी संपली. उत्तरं या वेळी टिकली, निदान ११ वाक्यांची. तीन डळमळीत, त्यातली दोन काढणार. "मला राग येतो" हे एक, कारण मुलं त्या दिवशीच्या रागाबद्दल सांगतात. उरलेली वाक्यं एकमेकांशी किती बांधलेली आहेत त्याचा हिशेब करायचाय, क्रोनबाकचा अल्फा ०.७० च्या वर आला पाहिजे असा रिवाज आहे, पण एवढ्या मुलांवर आलेला आकडा मी छातीठोकपणे कोणाला दाखवणार नाही. अजून शाळा लागतील. पेडण्यातून एका शिक्षकांनी निरोप पाठवलाय.

१२ डिसेंबर

कागद घरी दाखवायचा का, हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. पालकांची सही आहे, त्यांचा हक्क आहे. पण मुलाने विश्वासाने सांगितलंय. आता असं ठरवलं की मुलालाच विचारायचं, कुठलं उत्तर कोणाला दाखवू, आणि त्याच्यासमोर त्यावर खूण करायची. मूल धोक्यात आहे असं काही असेल तर गोष्ट वेगळी, ते आधीच मुलांना सांगतो.

क्रमांक ७ ने कागद पुढे ओढला. घशाची सगळी उत्तरं आईला दाखवा म्हणाला. खेळाचं चालेल. हजेरीवर पेन्सिल बराच वेळ थांबली. मग त्याने त्याच्यापुढे लिहिलं, सरांना.

मी आज दुपारी सरांना दाखवलं. त्यांनी कागद वाचला, हजेरीचा रजिस्टर उघडला, त्याच्या नावावर बोट ठेवून गप्प राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं त्याला आवडतं असं."

उद्या नवीन प्रती छापायला द्यायच्या: १२ वाक्यं, अक्षर मोठं, पावसाच्या खिडक्या काळ्या-पांढऱ्या चालतील पण रिपरिप आणि धो धो यांतला फरक झेरॉक्समध्ये पुसला जातो, तो आधी तपासून घ्यायचा.